ट्रॅक्टर ओढत नाही? आधी दुखणे ओळखा, मग पाना उचला



आजचा विषय आहे ट्रॅक्टरचा क्लच. क्लच हा भाग डोळ्यांना दिसत नाही. इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधल्या बंद खोलीत तो बसलेला असतो. त्यामुळे तो दुखू लागला तरी मालकाला लवकर कळत नाही, आणि कळते तेव्हा नेमका वाफसा आलेला असतो, नाहीतर ऊसतोडीची टोळी फडात उभी असते. ट्रॅक्टर आठवडाभर मिस्त्रीच्या दारात पडून राहिला की पेरणीची वेळ टळते. दुरुस्तीच्या बिलापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते.

बरे, क्लच काढायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध खोलून इंजिनाचा भाग आणि गिअरपेटीचा भाग वेगळे करावे लागतात. खर्चाचे आणि वेळेचे काम. म्हणून खोलण्याआधी दुखणे नेमके काय आहे ते घरच्या घरी ओळखता आले पाहिजे. नखाने तुटणाऱ्या कामाला कुऱ्हाड कशाला? पुष्कळ वेळा एक नट फिरवून काम भागते. आणि नट फिरवून भागणार नसेल, तर तेही वेळीच कळलेले बरे.

क्लच काय काम करतो?

इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन चालू असले की ते फिरतच असते. त्याच्या पाठीशी लोखंडाची एक जाड तबकडी स्प्रिंगांच्या जोराने दाबून बसवलेली असते, ती प्रेशर प्लेट. आणि या दोघांच्या मध्ये, दोन ताटल्यांत भाकरी दाबून धरावी तशी, क्लच प्लेट असते. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर रिबिटांनी बसवलेले असते. या अस्तराला मिस्त्री लोक लायनिंग म्हणतात. क्लच प्लेट गिअरपेटीच्या दांड्यावर बसते. स्प्रिंगांचा दाब आहे तोवर तिन्ही एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो.

आपण पेडल दाबले की एक दांडी ओढली जाते, काटा हलतो, आणि रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबते. त्यासरशी प्रेशर प्लेट मागे येते, भाकरी सुटी होते आणि जोर तुटतो. आता गिअर बदलता येतो.

एवढे ध्यानात आले म्हणजे क्लचची सगळी दुखणी दोनच प्रकारची आहेत हे समजेल. एक तर क्लच पुरता धरत नाही, म्हणजे घसरतो. नाहीतर तो पुरता सुटत नाही, म्हणजे चिकटून राहतो. आवाज, हादरे हे पुढचे प्रकार. तेही बघू.

एक तक्रार, तीन दुखणी

“साहेब, ट्रॅक्टर ओढत नाही.” ही तक्रार गावोगाव ऐकू येते. पण न ओढण्याची कारणे तीन असतात आणि ती तिन्ही वेगळी आहेत. इथेच घोटाळा होतो आणि जखम मांडीला, मलम शेंडीला अशी गत होते. तेव्हा नांगर जमिनीत असताना तीन गोष्टी नीट बघा: इंजिनाचा आवाज, मागची चाके आणि सायलेन्सरचा धूर.

पहिला प्रकार. नांगराला भार आला की इंजिनाचा आवाज खाली बसतो, इंजिन दमते आणि काळा धूर टाकते. चाकेही इंजिनाबरोबरच मंदावतात. हे दुखणे इंजिनाचे. एअर फिल्टर चोंदला असेल, डिझेल फिल्टरमध्ये कचरा असेल, नोझल बिघडले असेल, नाहीतर अवजारच ट्रॅक्टरच्या ताकदीबाहेर असेल. क्लचला दोष देऊ नका.

दुसरा प्रकार. इंजिन जोरात चालते, मागची चाकेही गरागरा फिरतात, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही किंवा फार हळू सरकतो. हे चाकांचे घसरणे. जमीन ओली असेल, टायर गुळगुळीत झाले असतील, वजन कमी पडत असेल. इथेही क्लचचा संबंध नाही.

तिसरा प्रकार. भार आला की इंजिनाचा आवाज खाली बसण्याऐवजी वर चढतो, पण मागची चाके मात्र मंदावतात किंवा थांबतात. इंजिन पळते आहे, चाक पळत नाही, म्हणजे जोर मध्येच कुठेतरी हरवतो आहे. त्याच वेळी जळक्या अस्तराचा उग्र वास येत असेल तर शंकाच नको. क्लच घसरतो आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावची गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याचा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नांगराला दमू लागला. कोणी म्हणाले डिझेल पंप गेला. पंप उतरवून शहरात तपासून आणला, फिल्टर बदलले, नोझल पाहिले. पैसे गेले, आठ दिवस गेले, ट्रॅक्टर जसाच्या तसा. मी शेतावर गेलो तेव्हा त्यांचा थोरला मुलगा नांगरत होता. बांधावर उभे राहून पाहिले तर धूर नाही, इंजिनाचा आवाज चढता आणि चाक मात्र थांबते आहे. ट्रॅक्टर बंद करून क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले. त्याला तसूभरही मोकळी चाल नव्हती. दांडीचा नट सैल करून चाल बसवली. अर्ध्या तासाचे काम. सुदैवाने प्लेट जळलेली नव्हती. त्याच दिवशी उरलेले रान नांगरून झाले. तोच ट्रॅक्टर आणखी महिनाभर तसाच चालवला असता तर प्लेट जळून कोळसा झाली असती आणि मग पाना पुरला नसता.

क्लच घसरतो की नाही? परीक्षा करा

शेतात पाहूनही शंका राहिली तर एक परीक्षा आहे. मात्र ट्रॅक्टरचे ब्रेक चांगले असतील तरच ती करावी. ब्रेकविषयी शंका असेल तर करूच नये.

ट्रॅक्टर मोकळ्या सपाट जागेवर उभा करा. ट्रॉली आणि अवजार सोडून ठेवा. पुढेमागे माणूस, पोर, जनावर कोणी नको. दोन्ही ब्रेक पेडले कडीने एकत्र जोडा आणि पार्किंग ब्रेक लावा. चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. इंजिन थोडे गरम होऊ द्या. आता क्लच दाबून वरचा, म्हणजे वेगाचा गिअर टाका, रेस मध्यम ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून क्लचचे पेडल हळूहळू पूर्ण सोडा.

क्लच चांगला असेल तर इंजिन कण्हेल आणि बंद पडेल. इंजिन बंद न पडता चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे असे समजा आणि लगेच पेडल दाबून गिअर काढा. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांची. एकदा केली की पुरे. पुन्हा पुन्हा करत बसलात तर धड असलेली प्लेटसुद्धा परीक्षेतच जळेल.

क्लच का घसरतो?

पहिले आणि सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे पेडलची मोकळी चाल संपणे. मोकळी चाल म्हणजे काय? पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला ते अगदी हलके खाली जाते आणि मग एकदम जड लागते. हलक्या भागाला मोकळी चाल म्हणतात. रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटची बोटे यांच्यामध्ये थोडे अंतर राहावे म्हणून ती ठेवलेली असते. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती २० ते ४० मिलिमीटर असते, म्हणजे सुमारे पाऊण ते दीड इंच. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत आहे, तोच खरा मानावा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. ब्रेकचे अस्तर झिजले की ब्रेकचे पेडल जास्त खाली जाते. क्लचचे तसे नाही. क्लचचे अस्तर झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटे मागे रिलीज बेअरिंगकडे येतात, आणि मोकळी चाल वाढण्याऐवजी कमी कमी होत जाते. शेवटी ती शून्य होते. मग पेडलवर पाय नसतानाही कोणीतरी क्लच थोडासा दाबून धरल्यासारखे होते. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटवर बसत नाही आणि ती घसरू लागते. शिवाय रिलीज बेअरिंग विनाकारण सतत फिरत राहून खराब होते. म्हणून “पेडल घट्ट आहे, खेळ नाही, छान आहे” असे म्हणू नका. खेळ नसणे हीच धोक्याची खूण आहे.

चाल कशी बसवावी? इंजिन बंद करा. फूटपट्टी पेडलजवळ उभी धरा. पेडल सुटे असताना किती आणि हाताने दाबून जड लागले तिथे किती, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मोकळी चाल. ती कमी-जास्त असेल तर पेडलपासून काट्याकडे जाणारी दांडी शोधा. तिच्यावर लॉक नट असतो. तो सैल करून दांडीची लांबी कमी-जास्त करा, पुन्हा मोजा, बरोबर आली की लॉक नट आवळा. पिन काढली असेल तर नवी कॉटर पिन घाला, तारेचा तुकडा अडकवून काम भागवू नका. दांडी पूर्ण फिरवूनही चाल मिळत नसेल तर अस्तर संपले असे समजा. आता ट्रॅक्टर खोलावाच लागेल.

दुसरे कारण, अस्तरावर तेल. हाताला तेल लागले की पान्याची पकड सुटते, तसेच हे. चाल बरोबर आहे, अस्तर नवे आहे, तरी क्लच घसरतो, अशा वेळी क्लचच्या खोलीच्या तळाला असलेले छिद्र बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांना असे छिद्र असते. काहींत ते चिखलाने बुजू नये म्हणून एक कॉटर पिन सैल अडकवलेली असते. तिथून तेल ठिबकत असेल तर ते बोटावर घेऊन पाहा. काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनाचे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागचे सील गेले. जाड, चिकट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरपेटीचे, म्हणजे पुढच्या दांड्याचे सील गेले. मिस्त्रीला हे आधीच सांगितले तर तो नेमके सील घेऊन येईल. नुसती प्लेट बदलून सील तसेच ठेवले, तर नवी प्लेटही तेलात भिजेल आणि दुहेरी खर्च होईल.

भात लावणाऱ्या भागातील शेतकऱ्यांनी या छिद्राकडे विशेष ध्यान द्यावे. चिखलणी करताना पाणी आत जाऊ नये म्हणून पुस्तिकेत सांगितले असेल तर हे छिद्र बूच लावून बंद करावे. पण चिखलणी संपल्यावर ते बूच आठवणीने काढावे. नाहीतर आत झिरपलेले तेल-पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते प्लेटवरच उडते.

तिसरे कारण, स्प्रिंगा मऊ पडणे. सतत तापून तापून त्यांचा ताण कमी होतो. हे बाहेरून कळत नाही. ट्रॅक्टर खोलल्यावर मिस्त्रीच तपासू शकतो.

क्लच सुटत नाही तेव्हा

आता उलटे दुखणे. पेडल पूर्ण दाबले तरी गिअर करकरतो, पडतच नाही, किंवा ट्रॅक्टर पुढे सरकू पाहतो. याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागेत इंजिन हळू चालू ठेवा. पेडल पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजा आणि मागचा गिअर हलक्या हाताने टाकून बघा. गिअर मुकाट्याने पडला तर क्लच सुटतो आहे. पाच आकडे मोजूनही करकर आवाज आला तर प्लेट अजून फिरते आहे, म्हणजे क्लच सुटत नाही.

इथेही पहिली तपासणी मोकळ्या चालीचीच. चाल गरजेपेक्षा जास्त झाली असेल तर पेडलचा अर्धा प्रवास फुकट जातो आणि प्रेशर प्लेट पुरती मागे येत नाही. चाल बरोबर असेल तर दांडी वाकली आहे का, पिना झिजल्या आहेत का, काट्याचा दांडा सैल झाला आहे का ते बघा. हे सगळे बाहेरून दिसते. बाहेर सर्व ठीक असेल तर प्लेट वाकडी झाली असेल किंवा दांड्याच्या खाचांत गंज धरून अडकली असेल.

ट्रॅक्टर दोन-चार महिने एका जागी उभा राहिला, त्यातून पावसाळी दमट हवा, तर प्लेट फ्लायव्हीललाच चिकटून बसते. मग क्लच दाबा की सोडा, काही फरक पडत नाही. यावर उपाय आधीच करायचा असतो. ट्रॅक्टर बराच काळ उभा ठेवायचा असेल तर पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवावे. काही ट्रॅक्टरांना त्यासाठी कडी दिलेली असते. नसेल तर लाकडाचा ठोकळा नीट बसवावा. प्लेट सुटी राहते आणि चिकटत नाही. चिकटलीच, तर ट्रॅक्टर गिअरमध्ये सुरू करून झटके देण्याचे धाडस करू नका. माहितगार मिस्त्रीला बोलवा.

क्लच सुटत नसलेला ट्रॅक्टर फार धोक्याचा असतो, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. घसरणारा क्लच खिसा रिकामा करतो, पण न सुटणारा क्लच जिवावर बेततो. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर स्टार्टर मारताच उडी घेतो. म्हणून न्यूट्रल आहे याची खात्री करून, सीटवर बसूनच सुरू करावा. जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या तारा जोडून ट्रॅक्टर सुरू करण्याची खोड काही ठिकाणी आहे. ती आजपासून सोडा.

दुसरी गोष्ट रोटाव्हेटरची. पात्यांत गवत, दोरी, तारा गुंतल्या की “मी क्लच दाबून धरतो, तू काढ” असे म्हणणारे भेटतात. असे कधीही करू नका. क्लच पुरता सुटत नसेल तर पाती फिरत राहतात, आणि दाबलेल्या पेडलवरून पाय निसटायला क्षणही पुरतो. पी.टी.ओ. बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, पाती थांबल्याचे डोळ्यांनी बघा आणि मगच हात लावा.

आवाज ऐका

क्लचजवळ आवाज येत असेल तर पेडल कुठे असताना येतो, ते ऐकावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हळू चालवा.

पेडल सुटे असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर गिअरपेटीच्या पुढच्या बेअरिंगचा संशय घ्या. पेडल थोडेसे दाबून मोकळी चाल संपताच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग गेले. पेडल पूर्ण दाबल्यावरच चिरका आवाज येतो, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी दांड्याचे टोक टेकवणारे छोटे पायलट बेअरिंग कोरडे पडले असण्याचा संभव आहे. हे बेअरिंग लहान असते, पण ते अडकले तर क्लच सुटत नाही.

पेडल सोडताना ट्रॅक्टर थरथरत, झटके देत निघत असेल तर अस्तरावर तेलाचे डाग, प्लेटच्या मधल्या सैल स्प्रिंगा किंवा वाकडी झालेली प्लेट, यांपैकी काहीतरी असते.

दुहेरी क्लच

पुष्कळ ट्रॅक्टरांना दुहेरी क्लच असतो. त्यात दोन प्लेटी असतात, एक चाकांसाठी आणि एक पी.टी.ओ.साठी. पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टर थांबतो पण पी.टी.ओ. फिरत राहतो. पूर्ण दाबले की पी.टी.ओ.ही थांबतो. अशा ट्रॅक्टरात ट्रॉली चांगली ओढली जाते, पण रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र भाराला थांबते असे झाले, तर पी.टी.ओ.च्या प्लेटचा संशय घ्यावा. मात्र आधी इंजिन बंद करून जोडदांड्याचा सुरक्षा बोल्ट तुटला नाही ना, ते पाहावे. काही अवजारांना जास्त भार आला की तुटणारा बोल्ट मुद्दाम दिलेला असतो. एवढ्याशा बोल्टापायी ट्रॅक्टर खोलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

जीप, पिकअप आणि लहान डिझेल गाडी

आता बऱ्याच घरी भाजीपाला आणि दूध नेण्यासाठी पिकअप किंवा लहान डिझेल गाडीही असते. तिचा क्लचही याच जातीचा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दाबताच इंजिनाचा आवाज एकदम वाढतो, पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजही वाढत नाही आणि वेगही नाही, तर आधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पाहा.

फरक आहे तो पेडलपासून काट्यापर्यंतच्या जोडणीत. काही गाड्यांना दांडीऐवजी केबल असते. तिचे धागे तुटू लागले की पेडल जड होते आणि एक दिवस केबल तुटते. काहींना तेलाच्या दाबाचा क्लच असतो. त्यात पेडल एकदा दाबून क्लच सुटत नाही, पण दोन-तीनदा भराभर दाबले की सुटतो, असे झाले तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलेंडरचे रबर गेले आहे. डबीतील तेलाची पातळी बघा. त्यात झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगून सगळी जोडणी निकामी होते. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांचे तेल एकाच डबीतून जाते. तिथे पातळी उतरत असेल तर तो ब्रेकचाही प्रश्न आहे, चालढकल करू नका. अशा बऱ्याच गाड्यांत चाल आपोआप जुळत राहते. म्हणून पेडल पूर्वीपेक्षा बरेच वर आल्यावर गाडी हलू लागली, तर ती अस्तर झिजल्याची खूण समजावी.

खोलायची वेळ आलीच तर

ट्रॅक्टर खोलला की एकाच वेळी सगळे बघून घ्यावे. अस्तर रिबिटांच्या डोक्यांपर्यंत आले असेल तर प्लेट बदला. रिबिटा घासू लागल्या की फ्लायव्हीलवर चरे पडतात. चरे किंवा निळे डाग दिसले तर फ्लायव्हील चांगल्या लेथवाल्याकडून तपासून घ्या. प्रेशर प्लेटला तडे आहेत का, बोटे सारख्या उंचीवर आहेत का ते पाहायला सांगा. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील यांची अवस्था संशयास्पद असेल तर बदलूनच टाका. त्यांच्यासाठी चार महिन्यांनी पुन्हा ट्रॅक्टर खोलणे परवडत नाही. बदललेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

एक काळजी मात्र घ्या. क्लचमधील काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

सवयी बदला, क्लच टिकेल

क्लच अकाली जाण्याचे खरे कारण बहुधा चालकाचा डावा पाय असते. काहींना पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असते. पाय नुसता ठेवला तरी मोकळी चाल संपते आणि पुढचे सगळे ओघाने येते. गिअर बदलून झाला की पाय खाली, फूटबोर्डावर.

दुसरी खोड हाफ क्लचची. साखर कारखान्याच्या फाटकापाशी उसाच्या गाड्यांची रांग लागते. दर दोन-चार मिनिटांनी थोडे पुढे सरकायचे असते. मग चालक गिअर न काढता पेडल अर्धे दाबून ट्रॅक्टर तोलून धरतो. चढावरही तसेच. याने काय होते ते हिशेबाने सांगतो. ४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॅट. पूर्ण जोर लावलेला असताना क्लच चौथा हिस्सा जरी घसरत असेल, तरी साडेसात किलोवॅटची उष्णता त्या बंद खोलीत तयार होते. एक हजार वॅटच्या सात-आठ विजेच्या शेगड्या एकदम पेटवल्यासारखेच हे! अस्तर जळणार नाही तर काय होईल? रांगेत थांबलात की गिअर काढा, पार्किंग ब्रेक लावा, पाय मोकळा करा.

भरलेली ट्रॉली नेहमी खालच्या गिअरमध्ये हलवावी. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढताना पेडल झटक्याने सोडू नये. मागची चाके अडकलेली असली की ट्रॅक्टरचे पुढचे अंग वर उठते आणि पाहता पाहता तो चालकाच्या अंगावर उलटतो.

उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॉली सोडू नये. डिझेल वाचते असे वाटते, पण इंजिनाची अडवणूक नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय खालचा गिअर पडलेला असताना क्लच दाबून उतरलात, तर चाकांच्या वेगाने प्लेट प्रमाणाबाहेर गरगरते आणि अस्तर फुटूही शकते. ज्या गिअरने चढ चढाल, त्याच गिअरने उतरा.

ज्यांना ट्रॅक्टरची देखभाल पद्धतशीर शिकायची आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची मध्य प्रदेशात बुदनी येथे प्रशिक्षण संस्था आहे. तिथे १९५५ पासून हे काम चालते. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. घरातल्या एका तरी तरुण मुलाला किंवा मुलीला हे शिक्षण द्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. इंजिन दमते आणि काळा धूर येतो – दुखणे इंजिनाचे किंवा अवजार जड.
२. चाके गरागरा फिरतात, ट्रॅक्टर हलत नाही – चाके घसरतात.
३. इंजिन पळते, चाके मंदावतात, जळका वास येतो – क्लच घसरतो.
४. गिअर करकरतो, ट्रॅक्टर सरकतो – क्लच सुटत नाही. काम थांबवा.
५. काहीही खोलण्याआधी पेडलची मोकळी चाल मोजा. हंगामात आठवड्यातून एकदा तरी मोजा.
६. क्लचच्या खोलीतून तेल ठिबकत असेल तर कोणते तेल आहे ते पाहून मिस्त्रीला सांगा.
७. अवजारात हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात.

बंधूंनो, उद्या सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढण्याआधी एक काम करा. इंजिन बंद असतानाच क्लचचे पेडल हाताने दाबून बघा आणि फूटपट्टी लावा. दोन मिनिटांचे काम आहे. आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. दर आठवड्याचे आकडे एकाखाली एक आले की चाल किती वेगाने कमी होते आहे हे तुम्हालाच दिसेल, आणि क्लच कधी खोलावा लागणार हे हंगामाच्या आधीच कळेल. मग ते काम उन्हाळ्यात, आपल्या सवडीने करता येईल.